हरकत क्रमांक दोनशे सतरा

आमच्या बांधकाम परवानगी विभागात तिला सगळे नोंदबाई म्हणत. मोठी इमारत उभी राहायची म्हणजे आधी लोकांच्या हरकती मागवायच्या, आणि आलेली प्रत्येक हरकत शिक्का मारून वहीत चढवायची, हे तिचं काम. एकवीस वर्षं तिनं ते केलं. "इमारती तुम्ही मोजा, मी अडवणाऱ्यांची हजेरी घेते," असं मला म्हणायची. मी शेजारच्या टेबलावर नकाशे तपासायचो.

तिची धाकटी दुसऱ्या शहरात भूगर्भशास्त्र शिकत होती. पोर हुशार, पण कॉलेजच्या वसतिगृहात जागा नव्हती. आधी ती मैत्रिणीच्या मावशीकडे राहिली. मग एका खोलीत पाच जणी, पलंग दोनच, पाळीपाळीनं झोपायचं. त्या घरमालकानंही एकाएकी घर विकून टाकलं. नवी खोली शोधायला गेली तर दारातूनच उत्तर, "शिकणाऱ्या पोरी नकोत." शेवटी तिनं कपडे प्रयोगशाळेतल्या दगडांच्या कपाटात ठेवले आणि आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे अशी झोपू लागली. जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन यायचा. नोंदबाई डबा बंद करून जिन्यात जायची आणि डोळे पुसत परत यायची.

त्याच सुमाराला आमच्या शहरात विद्यार्थ्यांसाठी सहा मजली वसतिगृहाचा प्रस्ताव आला. जागा बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याची, नेमकी नोंदबाईच्या गल्लीमागची. हरकतींचा पाऊस पडला. गोंगाट होईल, गाड्या लावायला जागा उरणार नाही, ऊन अडेल, लेकीसुनांना खिडकी उघडता येणार नाही. ती मुकाट्यानं शिक्के मारत होती.

एके दुपारी तिचा हात थांबला. तिनं कागद माझ्याकडे सरकवला. हरकत क्रमांक दोनशे सतरा. 'उपऱ्या पोरांमुळे वस्तीचं वळण बिघडेल.'

"अक्षर आमच्या ह्यांचं आहे," ती म्हणाली.

घरी तिनं नवऱ्याला विचारलं तेव्हा तो चपापला. "अगं, गल्लीतल्या भाऊनं कागद पुढे केला. सगळ्यांनी लिहिलं. मी एकट्यानं वाईटपणा कशाला घेऊ?"

"आपल्या पोरीला दारातून परत पाठवणारेही असंच म्हणत असतील."

"ते वेगळं."

"काय वेगळं, ते तरी सांगा."

त्यानं चपला घातल्या आणि तो बाहेर पडला. हरकत त्यानं मागे घेतली नाही.

सुनावणी सकाळी अकराला होती. सभागृह गच्च भरलेलं. आमचे साहेब व्यासपीठावर, आणि नोंदबाई खाली बसून प्रत्येकाचं म्हणणं लिहून घेत होती. एक निवृत्त मुख्याध्यापक उठले. "ही पोरं आज इथे, उद्या तिथे. त्यांना आपल्या गल्लीशी काय देणंघेणं?" टाळ्या पडल्या. तिनं ते वाक्य लिहिलं, पेन खाली ठेवलं आणि उभी राहिली.

"साहेब, मलाही बोलायचंय."

"बाई, बसा. तुम्ही लिहायला आहात."

"माझी मुलगी तीन आठवड्यांत एका जागी सलग दोन रात्री झोपलेली नाही. तीही कुणाच्या तरी गल्लीत उपरीच आहे."

"सूचना-हरकतींची मुदत संपलीय," साहेब हळूच म्हणाले. शेवटच्या दिवसाचा शिक्का तिनंच मारला होता. चौथ्या रांगेत तिचा नवरा खाली मान घालून बसला होता. मुख्याध्यापकांचा सूर नरमला. "आम्हाला सहानुभूती आहे हो. पण नेमकं आमच्याच गल्लीत कशाला?"

ती बसली. उरलेल्या सतरा जणांचं म्हणणं तिनं लिहून घेतलं. स्वतःचं तेवढं त्यात नव्हतं.

महिनाभरात परवानगी नाकारली गेली. तिला शिस्तभंगाची नोटीस मिळाली. त्याच आठवड्यात धाकटी शिक्षण सोडून घरी आली. आली ती दोन दिवस नुसती झोपून राहिली. "परीक्षा तरी दे," आई म्हणाली. "कुठे राहून देऊ?" एवढंच ती भिंतीकडे तोंड करून बोलली.

त्यानंतरच्या सोमवारी नोंदबाईचा नवरा आमच्या कचेरीत आला. इतरांसारखाच तिच्या खिडकीपुढच्या रांगेत उभा राहिला. पाळी आल्यावर त्यानं घडी घातलेला कागद आत सरकवला. हरकत मागे घेत असल्याचा अर्ज होता.

"निर्णय झालाय," ती म्हणाली.

"माहीत आहे. तरी घे."

"आता घेऊन काय करू, तुम्हीच सांगा."

तो खिडकीपाशीच उभा राहिला. मागचे लोक कुरकुरू लागले. तिनं अर्ज परत बाहेर सरकवला आणि त्याच्या खांद्यावरून मागच्या माणसाकडे पाहून म्हणाली, "पुढचे कोण?"