उष्टावणाचे वाळे

आज चिंचेने देवाची भांडी घासताना आमचं वाशीचं नवं घर आठवलं. तुमच्या बाबाच्या उष्टावणासाठी सासूबाई जुने चांदीचे रुपये मोडून वाळे करणार होत्या. डब्यात निकेलचे रुपयेही मिसळलेले होते. सोनाराकडे न्यायचे म्हणून मी सगळेच चिंचेने घासले. आधी काळवंडलेली चांदी वेगळी ओळखू यायची; आता ती आणि निकेल, दोन्ही सारखीच चमकू लागली!

"आता गं कसे ओळखायचे?" सासूबाई हबकल्या.

"वाजवून बघू, आई."

मी एकेक रुपया फरशीवर टाकला. निकेलचा टक्कन गप्प व्हायचा, चांदीचा घरभर किणकिणत राहायचा. प्रत्येक किणकिणीला बाळ मान वळवायचं.

"हाच आपला सोनार! टाक, पुढचा टाक!" सासूबाई ओरडल्या.

वाळ्यांपुरती चांदी निघाली. घरात सामानच नव्हतं, म्हणून तो नाद इतका घुमला, हे आता कळतं. तेव्हा मात्र घर भरल्यासारखं वाटलं होतं.