बाराचा खेळ

रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात अजीजाआपा सुरुवातीला 'वाजिदची येडी बायको' म्हणून ओळखल्या जात. वाजिद कुवेतला एका गोदामात कामाला होता. बाकीचे नवरे सुट्टीवर येताना अत्तर आणि ब्लँकेटं आणायचे. हा तिथल्या रद्दीतली इंग्रजी कॉमिक्स आणायचा, तीही बायकोने फोनवर बजावल्यामुळे. आपांची शाळा सातवीत सुटलेली. चित्रं बघत, अक्षरं जुळवत, अडलेला शब्द शेजारच्या मास्तरांना विचारत त्या वाचायला शिकल्या. उडणारे, भिंती फोडणारे, मुखवटा घालून गुंडांना बदडणारे लोक त्यांच्या घरचेच झाले.

सासू कपाळाला हात लावायची. "पँटवर चड्डी घालनारी मानसं घरात ठेवलीस गो!"

"घालू देत. हाक मारली की धावून तर येतात," आपा म्हणायच्या.

मग त्याच मंडळींचे सिनेमे आले आणि काळ फिरला. पेणला असा सिनेमा लागणार असला की आदल्या संध्याकाळी आपांचा ओटा पोरांनी भरायचा. "आपा, याला ताकद कुठून मिळाली?" "आपा, ही आधी दुश्मनाकडं होती ना?" सगळ्यात वेडा त्यांचा पुतण्या तौहीद. तो आपांना बाइकवर मागे बसवून पहिल्या खेळाला न्यायचा आणि थेटरात मित्रांना अभिमानाने सांगायचा, "माझ्या चाचीला सगळं माहीत हाय."

सिनेमे मात्र निघतच राहिले. एकाची गोष्ट कळायला आधीचे चार बघावे लागू लागले, वर मोबाइलवरची एखादी मालिकाही. पोरं कंटाळली. ओटा रिकामा झाला. तौहीद कंपनीत शिफ्टला लागला. गेल्या वर्षी पेणला नवा सिनेमा लागला तेव्हा आपांनी त्याला विचारलं, तर तो म्हणाला, "आपा, ती फॅशन गेली आता. कोन बघत नाय. आनि ह्या वयात बरं नाय दिसत, लोक हसतात."

"लोक हसत होते तेव्हापासून मी वाचतेय रे," आपा म्हणाल्या. "तुमची फॅशन नंतर आली."

वाजिद आता कायमचा घरी आला होता. तो म्हणाला, "मला थेटरात झोप लागते. तू जा बिनधास्त." आपा रोह्याहून गाडीत बसल्या आणि एकट्याच पेणला उतरल्या.

थेटरच्या खिडकीवर पुंडलिक नावाचा माणूस बसायचा. तो म्हणाला, "मावशी, दुसऱ्या पडद्यावर मारामारीचा हाय. त्याला गर्दी हाय."

"मला बाराचा हाच बघायचाय."

"तुमी एकट्याच हाव. दहा मानसं झाल्याबिगर खेळ लावत नाय."

"झाली तर लावशील?"

"लावीन की. पन आननार कुठून?"

"बाहेर अख्खं पेण हाय," म्हणत आपा बाजारात गेल्या.

कॉलेजची पोरं हसली आणि निघून गेली. एका दुकानदाराने मान हलवली. मग रस्त्याच्या कडेला पापड, मिरगुंडं विकणारी गोदूबाई दिसली. दुपारच्या उन्हात गिऱ्हाईक नव्हतंच.

"आत थंडगार हाय गो, चल," आपा म्हणाल्या.

"त्यात बाई हाय का?"

"हाय. उडते. आनि कुनाला इचारून उडत नाय."

गोदूबाई खळखळून हसली. तिने टोपल्यांवर प्लास्टिक टाकलं आणि शेजारच्या हौसाला हाक मारली. हौसाने आणखी चौघींना उठवलं. एक रिक्षावाला आला, अलिबागच्या एसटीची वाट बघणारे दोन म्हातारेही आले. पुंडलिकने डोकी मोजली आणि मुकाट्याने तिकिटं फाडली.

अंधारात आपा मोठ्याने गोष्ट समजावत होत्या. गप्प बसवायला दुसरं कोणी नव्हतंच. मध्यंतरात हौसाने विचारलं, "एवढी ताकद हाय तर रडते कशाला?"

"ताकद हाय म्हनून दुखत नाय, असं कुनी सांगितलं तुला?"



बाहेर आल्यावर पुंडलिकने विचारलं, "कसा होता, मावशी?"

"भिकार."

"मग एवढा आटापिटा कशाला केलात?"

"भिकार हाय का नाय, ते मी बघून ठरवनार. तू न दाखवता ठरवायचा नाय."

ही बातमी वरशाला पोचली. तौहीद चिडला, "बाजारातून मानसं गोळा करता? लाज काढलीत." आपांनी त्याला चहा दिला आणि पुढच्या सिनेमाची तारीख विचारली. त्याने सांगितली नाही. त्यांनी ती पुंडलिककडून काढली.

त्यानंतर प्रत्येक वेळी त्या जिंकल्या असं नाही. पावसाळ्यात एकदा सहाच जणी जमल्या. आपा खिडकीसमोर खुर्ची ओढून बसल्या, पण पुंडलिक हलला नाही, आणि दुसऱ्या दिवशी तो सिनेमाच उतरवला. खेळ झाला नाही त्या दिवशी आपा सगळ्यांना घेऊन जवळच्या तळ्याच्या काठी गेल्या आणि न बघितलेल्या सिनेमाची गोष्ट त्यांनी स्वतःच रचून सांगितली. हौसाने मध्येच शेवट बदलायला लावला. तो सिनेमा त्यांच्यापैकी कुणीच अजून पाहिलेला नाही, पण हौसा गिऱ्हाइकांना त्याची गोष्ट बिनदिक्कत सांगते.