बोटभर उंच सीट

टेलरबाई पहिल्यांदा माझ्या नजरेत भरल्या त्या शाळेच्या मैदानाच्या भिंतीला चिकटलेल्या. सकाळचे साडेसहा वाजले होते. एक हात भिंतीवर, दुसरा हवेत, खाली एकच चाक आणि गळ्यात मापाची टेप. आमच्या घरचे कपडे वर्षानुवर्षं त्याच शिवतात, पण तोवर मी त्यांना मशीनमागे बसलेलंच पाहिलं होतं.

"सर, बघत काय उभे राहिलात, बाजूला व्हा!" म्हणत त्या माझ्या पुढ्यातच उतरल्या. उतरल्या म्हणजे सायकल एकीकडे, बाई दुसरीकडे.

ही एकचाकी सायकल त्यांच्या धाकट्या भावाची. तो सर्कशीत काम करतो. जाताना म्हणाला होता, "ताई, महिनाभर ठेव. मी येईन तेव्हा भिंतीपासून फाटकापर्यंत कशालाही हात न लावता आलीस, तर तुझी. नाहीतर परत नेतो."

बावन्नाव्या वर्षी हा हट्ट कशाला, असं मी नंतर त्यांच्या दुकानात विचारलं. त्यांनी पायमशीनकडे बोट दाखवलं. "तीस वर्षं पाय मारतेय सर. एक इंच पुढे गेले नाही."

तीन आठवडे झाले तरी गाडी पंधरा पावलांपुढे जाईना. मांड्या भरून यायच्या, गुडघे वर वर यायचे आणि तोल जायचा. भावाने फोनवर सांगितलं होतं, "सीटवर बस, पेडल खाली आण, त्यावर टाच ठेव. पाय सरळ झाला पाहिजे. नाही झाला तर सीट वर घे." पण बाई पडल्या टेलर. सीटवर बसून बघायचं कशाला, टेप आहे की! घरात भिंतीला पाठ लावून त्यांनी स्वतःच्या पायाचं माप घेतलं, पेडलपासून तेवढ्याच उंचीवर सीट लावली आणि सीटची दांडी नळीत शिरते तिथे दांडीवर निळ्या खडूने रेघ ओढली.

"सीट ठेंगणी वाटते," मी एकदा भीत भीत म्हणालो.

"माझं माप चुकत नाही, सर."

त्यांचे यजमान दुकानात इस्त्री करतात. ते मान वर न करता म्हणाले, "सर, चुकतं कोण? चाक!"

भाऊ रविवारी यायचा होता. शुक्रवारी मी पँटचं माप द्यायला गेलो. चपला दाराशी काढून उभा राहिलो. बाई टेप घेऊन खाली बसल्या आणि तडकल्या, "कितीदा सांगायचं? लांबीचं माप बूट घालूनच द्यायचं! अनवाणी माप दिलं की बुटाचा तळ धरला जात नाही आणि मग..."

त्या मध्येच थांबल्या. उठल्या. कोपऱ्यातले भावाचे जाड तळाचे बूट उचलले. सायकल चालवताना त्या तेच घालत. तळाला टेप लावली.

"अगं बाई! बोटभर! चांगला बोटभर! आणि मी माझं माप घेतलं ते अनवाणी!"

पाना घेऊन त्या माझ्या देखतच सीट वर घ्यायला बसल्या. दांडी नळीतून वर सरकली, तशी नवी रेघ जुन्या रेघेच्या बोटभर खाली आली. यजमानांनी खांद्याला धरून त्यांना वर बसवलं.

"आता जमिनीला पाय कुठे पोचतोय?" ते म्हणाले.

"पेडलला पोचतोय ना? मग सोडा!"

रविवारी भाऊ फाटकाबाहेर हाताची घडी घालून उभा. बाई निघाल्या. विसाव्या पावलावर डावीकडे झुकल्या, पुन्हा सावरल्या. बेचाळीस पावलं, मी मोजली. फाटकापार जाऊन मगच त्यांनी भावाची कॉलर धरली.

"ताई!" तो हसत ओरडला. "सीट कोणी लावली?"

"मीच. आणि तुझी कॉलर उसवलीय. काढ शर्ट."

तो संध्याकाळच्या गाडीने गेला. सायकल इथेच राहिली. माझी पँट पुढच्या मंगळवारी मिळणार आहे.

टेलरबाई आता रोज सकाळी मैदानाला तीन फेऱ्या मारतात आणि साडेआठला दुकान उघडतात.