खरेदी समिती हेडसेट घेते

आमच्या महाविद्यालयाच्या खरेदी समितीचे इतिवृत्त मी लिहिते. इतिवृत्तात ठराव लिहायचे असतात. समितीचे जे हसे होते, त्यासाठी तिथे रकाना नाही. वर्षानुवर्षे ते असे बाहेरच साचत राहिले. गेल्या वर्षी दोन हेडसेटपायी तर इतके साचले, की आता उतरवून ठेवणे भाग आहे.

समितीत आम्ही तिघे. शारीरिक शिक्षणाचे राऊत सर, मुख्य लिपिक गावंडे भाऊ आणि मी. मी तत्त्वज्ञान शिकवते. शिस्त समितीही माझ्याकडेच आहे. यवतमाळात माझ्याविषयी जे बोलले जाते, त्यातले बरेचसे खरे आहे.

एका माजी विद्यार्थ्याने महाविद्यालयाला दोन गेमिंग कन्सोल भेट दिले. राऊत सरांनी एका खोलीत ते मांडले आणि दोन मुली त्यात तयार झाल्या. नेरजवळच्या तांड्यावरून रोज एसटीने येणारी रोशनी आणि इथलीच प्राजक्ता. खेळ असा, की पडद्यावर गाड्या पळवायच्या आणि गाडीनेच चेंडू गोलात ढकलायचा. रक्तपात नव्हता, म्हणून मी विरोध केला नाही.

दोघींची नावे आंतरमहाविद्यालयीन ऑनलाइन स्पर्धेत गेली, तेव्हा मात्र मी अट घातली. पहिल्या फेरीत हरल्या, तर ती खोली परीक्षा विभागाच्या कपाटांना द्यायची. ठराव मंजूर झाला.

रोशनी माझ्या विभागाच्या दारात येऊन उभी राहिली.

"मॅडम, हारलो तर खेळ बंदच का?"

"बंद."

"अन् जिंकलो तर?"

त्याचा विचार मी केला नव्हता.

*

मी पंचवीस वर्षे परीक्षा घेत आले आहे. दोन मुली शेजारी बसून एकमेकींना सांगत आहेत, हे मला पाहवेना. दुसऱ्याच दिवशी प्राजक्ताचा कन्सोल व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, भूगोलाच्या खोलीत हलवला.

राऊत सरांनी स्पर्धेची नियमपुस्तिका माझ्यापुढे ठेवली. एका संघातील खेळाडूंनी आपसात बोलावे, असे त्यात स्पष्ट लिहिले होते.

"मॅडम, या खेळात कॉपी करायचीच असते!"

मी चूक मान्य केली. परंतु काल हलवलेले टेबल आज परत आणले, तर उद्या कोणी टेबल हलवणार नाही. म्हणून मी म्हणाले, "दोन खोल्यांतून बोलू द्या त्यांना."

हेडसेटची गरज अशी उत्पन्न झाली. ती कोणी उत्पन्न केली, याची नोंद इतिवृत्तात नाही.

*

पहिले दोन हेडसेट वायरचे होते. राऊत सरांनी घरून आणले. सरावात रोशनीने गोल केला आणि आनंदाने उडी मारली. हेडसेट कानावर, वायर कन्सोलमध्ये, आणि कन्सोल टेबलाच्या काठावर! कन्सोल हवेत गेला.

राऊत सरांनी अंग झोकून तो दोन्ही हातांनी झेलला आणि जमिनीवर पडल्या पडल्या ओरडले, "मॅडम, विद्यापीठाच्या सामन्यात माझा हाच कॅच सुटला होता!"

इतिवृत्तात मी एवढेच लिहिले, "हेडसेट वायरलेस असावेत."

*

आम्ही तिघे बाजारात गेलो. दुकानदाराने प्रथम एक भले मोठे हेडसेट काढले. बटण दाबताच दोन्ही बाजूंना लाल, हिरवे, निळे दिवे फिरू लागले.

"सोळा रंग आहेत," तो अभिमानाने म्हणाला.

गावंडे भाऊंनी ते स्वतःच्या डोक्यावर चढवले, आरशात पाहिले, मग काढून ठेवले.

"भाऊ, एक सांग. लाइट पोरीच्या कानावर. तिले दिसन का?"

दुकानदाराने दुसरे काढले.

त्यात दिवे नव्हते. माइक तोंडापर्यंत येत होता, आणि वर वळवला की आवाज बंद होत होता. बोलून झाल्यावर तोंड मिटण्याची सोय एखाद्या यंत्रात तरी असावी, याचे मला समाधान वाटले.

"मॅडम, माइकमध्ये काहीही बोलून बघा," दुकानातल्या दोन कन्सोलना तशी दोन हेडसेट जोडून दुकानदार म्हणाला.

काहीही बोलण्याची मला सवय नाही. दिवेलागण झाली होती, म्हणून मी डोळे मिटून सायंप्रार्थना म्हटली. डोळे उघडले, तो दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांनी चपला काढलेल्या आणि दुकानदार हात जोडून उभा!

दुसरे हेडसेट घालून गावंडे भाऊ दुकानाच्या बाहेर रस्त्यावर उभे होते. तिथून त्यांनी हात हलवला.

"येते आवाज, मॅडम! देवाले बी गेला असन!"

*

वजनाची परीक्षा राहिली होती. कान दुखतात का, हे पाहण्यासाठी दुकानातून नमुन्याला आणलेले हेडसेट एक दिवस घालून काम करावे, असे गावंडे भाऊंना सांगितले. त्यांनी ते तीन दिवस काढले नाही. शिक्षक रजेचे अर्ज घेऊन येत, बोलत, थकून निघून जात. चौथ्या दिवशी मी स्वतः गेले आणि त्यांच्या कानावरून ते उचलले.

"दुखतात का कान?"

"नाई मॅडम. नोकरीत पयल्यांदा नाई दुखले!"

*

नवे हेडसेट आले आणि मुके निघाले. राऊत सरांनी बॅटरी पाहिली, मी माहितीपत्रक वाचले. त्यात लिहिले होते, की सोबतचा डाँगल कन्सोलमध्ये लावल्याशिवाय आवाज येणार नाही. हा डाँगल म्हणजे चिंचोक्याएवढी वस्तू. तिला लोखंडी तोंड असते, ते कन्सोलमध्ये खुपसायचे.

"डाँगल कुठे आहेत?" मी विचारले.

"कपाटात. कुलुपात हायेत," गावंडे भाऊ म्हणाले. "लहान वस्तू हाय, हरपली तर जबाबदारी कोनाची?"

त्यांनी दोन्ही काढून दिले. परंतु कन्सोलमध्ये एकही शिरेना. आमच्याकडे खुर्ची असो वा घागर, प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या ऑइलपेंटने क्रमांक घालण्याची पद्धत आहे. गावंडे भाऊंनी डाँगलवरही तो घातला होता. नेमका त्या लोखंडी तोंडावर!

"भाऊ, इथे काहून घातला?" राऊत सर कळवळले.

"मंग कुठी घालू? बाकी जागा हाय का त्याले?"

प्राजक्ताने रॉकेलचा बोळा घेऊन अर्धा दिवस क्रमांक पुसला. नोंदवहीत तो अद्याप आहे.

*

सरावात समोरच्या अनोळखी संघाशीही बोलता येते. एका दुपारी रोशनीच्या हेडसेटमधून कोणा मुलाने ओरडून उच्चारलेला असभ्य शब्द मला दारात उभी असताना ऐकू आला. मी हेडसेट मागून घेतले.

"आता जो शब्द उच्चारला, तो पुन्हा उच्चारा."

पडद्यावर समोरची एक गाडी जागीच थांबली.

"घरी कोण आहे?"

"आई आहे, मॅडम."

मी मॅडम आहे, हे मी सांगितले नव्हते.

"बोलवा त्यांना."

समोरच्या दोन्ही गाड्या तत्काळ पडद्यावरून नाहीशा झाल्या.

"मॅडम," रोशनी हळूच म्हणाली, "ते जिंकून राह्यले होते!"

त्या दिवशी मी आदेश काढला. हेडसेटवर केवळ शुद्ध व सभ्य मराठीत बोलावे. मुली आज्ञाधारक. दुसऱ्या दिवशी चेंडू वेगाने त्यांच्या गोलाकडे येत असताना रोशनी म्हणाली, "प्राजक्ता, कृपया आपण डाव्या बाजूने मागे यावे."

राऊत सर माझ्याकडे वळले. "मॅडम, वाक्य पूर्ण झालं. त्यांचा गोलही!"

असे सात गोल झाल्यावर मी आदेशात दुरुस्ती केली. सभ्य हा शब्द ठेवला, शुद्ध वगळला.

*

पहिल्या फेरीत एकाच संघाशी तीन सामने होते, प्रत्येक पाच मिनिटांचा; त्यातले दोन जिंकायचे. पहिला आम्ही जिंकलो, दुसरा हरलो. तिसरा सुरू होताच रोशनीच्या कानात बारीक शिट्टी वाजली आणि हेडसेट मेले. पाठोपाठ भूगोलाच्या खोलीतून हाक आली; प्राजक्ताचेही मेले होते.

"दोन्ही रातभर इथंच चार्जिंगले लावले होते, मॅडम!" रोशनीला रडू फुटायचे बाकी होते.

लावले होते खरे. आदल्या संध्याकाळी जाताना त्या खोलीतली सर्व बटणे मी बंद केली होती. रिकाम्या खोलीत वीज जाळणे मला पाप वाटते.

आता चार्जिंगला लावले, तरी ते जागे व्हायला दहा मिनिटे लागणार होती. मी रोशनीच्या दारात जाऊन उभी राहिले. गावंडे भाऊ व्हरांड्याच्या मध्यावर धावले, राऊत सर भूगोलाच्या दारात.

"मांगं ये म्हना तिले!" रोशनी म्हणाली.

"प्राजक्ताने मागे यावे!" मी म्हणाले.

"मॅडम, एवढं लंबं नाई पोचत!" गावंडे भाऊ ओरडले. "लहान फेका!"

"मागे!"

"मांगं!"

"मागे!" राऊत सर खोलीत गरजले.

निरोप पोचेपर्यंत चेंडू पुढे गेलेला असे. दोन गोल आम्ही असेच खाल्ले. मग रोशनीने ओळखले, की शब्दाला टोकापर्यंत जायला तीन श्वास लागतात. ती चेंडू जिथे आहे तिथले न सांगता, जिथे येणार तिथले सांगू लागली. दोन गोल फिटले.

शेवटची काही सेकंदे उरली. चेंडू अजून आमच्याच कोपऱ्यात होता.

"उडी म्हना!"

"चेंडू तिकडे गेलेला नाही," मी म्हणाले.

"मॅडम, म्हना नं!" ती किंचाळली.

पंचवीस वर्षांत कोणी विद्यार्थिनी माझ्यावर ओरडली नव्हती.

"उडी!" मी ओरडले.

"उडी!"

"उडी!"

रोशनीने चेंडू फटकावला. तो पडद्याच्या दुसऱ्या टोकाला पोचला, तेव्हा प्राजक्ताची गाडी आधीच हवेत होती. गोल! वेळ संपली.

परीक्षा विभागाला देण्यासाठी खोलीची किल्ली मी सकाळपासून पर्समध्ये ठेवली होती. ती रोशनीच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "जाताना कुलूप लावा. आवाज खाली ठेवायला शिका."

"हो मॅडम," ती म्हणाली. आवाज मुळीच खाली नव्हता.

इतक्यात राऊत सरांचा फोन वाजला. हरलेल्या संघाचे सर बोलत होते. दोघींचा मेळ असा कसा जमला, हेडसेट तरी कोणते घेतले, आम्हालाही तेच घ्यायचे आहे, असे ते म्हणत होते. ओरडून ओरडून राऊत सरांचा आवाज बसला होता. गावंडे भाऊंनी फोन घेतला.

"तीन मान्सांचा हाय, साहेब! त्यातले दोन तुमच्याकडं बी भेटतीन. तिसऱ्या मॅडम हायेत, त्या बाजारात भेटत नाईत!"