सोळा टॅपेट आणि एक आखाजी

अमेरिकेतला मामेभाऊ सुट्टीवर येणार होता. माझ्या जुन्या आठ सिलिंडरच्या गाडीसाठी कॅमशाफ्ट आणतो म्हणाला. फोनवर एकच प्रश्न: सॉलिड की हायड्रॉलिक?

सावद्यात या प्रश्नावर बोलण्याजोगा एकच माणूस होता, विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करणारे नाना. ते म्हणाले, "तुले रोज टॅपेट पाहाले वेळ आहे का? नाही ना? मंग ते तेलावालं घे भो." टॅपेट म्हणजे कॅमशाफ्टच्या धक्क्यानं व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनाच्या झडपा, उघडणारे दट्टे. हायड्रॉलिकमध्ये त्यांच्यातली फट तेलच भरून काढतं, आवाज नाही, कटकट नाही. सॉलिडमध्ये फट आपण मोजून ठेवायची, आणि ते वाजतं. पण गाडी जास्त पळते, असं मी एका मासिकात वाचलं होतं. पुढे केळीचा ट्रक आणि मागे बैलगाडी अशा रस्त्यावर मी ती कुठे पळवणार होतो, देव जाणे. मी सॉलिड सांगितलं.

बसवलं, आणि वाजायला लागलं. आमच्याकडे बांधावर उभा राहून माणूस नुसत्या आवाजावरून सांगतो, कोणाच्या विहिरीवरचं इंजिन आजारी आहे. तिथे माझी गाडी गल्लीत शिरली की ओट्यावरून आवाज यायचा, "भो, टॅपेट वाजून राह्यले!" नानांनी बजावलं होतं, वाजू दे, तापल्यावर लोखंड फुगतं, ती फट लागतेच. पण अपमान माझा होत होता, नानांचा नाही.

त्यात लग्नानंतरची पहिली आखाजी आली, म्हणजे अक्षय तृतीया, लेकींनी माहेरी जाऊन झोके खेळायचा सण. बायकोला न्यायला तिचा भाऊ धुळ्याहून यायचा, ही रीत. मी ऐटीत कळवलं, मुराळी पाठवू नका, मीच गाडीनं आणतो, दुपारच्या जेवणाला पोचतो. सासरच्या गल्लीत खडखडाट नको म्हणून आदल्या दिवशी पाना घेतला आणि सोळाच्या सोळा टॅपेट आवळले, आवाज बंद होईपर्यंत. गाडी अगदी गप्प झाली. मी स्वतःवरच खूश.

एरंडोल सोडलं आणि गाडी दम टाकू लागली. इंजिन तापलं, फटी उरल्या नव्हत्या, व्हॉल्व्ह नीट मिटेनात. पारोळ्याच्या अलीकडे ती खोकून थांबली. डोक्यावर ऊन, तिच्या अंगावर नवी साडी, आणि तिकडे मैत्रिणी झोक्यावर. तिनं तासभर वाट पाहिली. मग धुळ्याची एसटी हात दाखवून थांबवली. "मी एष्टीमा जास," एवढंच म्हणाली आणि चढली. मला स्वतःची भयंकर चीड आली.

दिवस मावळताना मी सासरी पोचलो, ट्रॅक्टरमागे दोरानं बांधलेल्या गाडीत स्टिअरिंग धरून. अख्खी गल्ली बाहेर आली. सासूबाईंनी विचारलं, काय झालं? मी कारणं जुळवत होतो. तेवढ्यात झोक्यावरून उतरून ती पुढे आली.

"तेस्नी गाडी चांगली शे," ती आईला म्हणाली. "माले गरम व्हयनं म्हनीसन मीच एष्टीमा उनू."

उकडलं म्हणून आपणच एसटीनं आले, असं ती सांगत होती, आणि गाडीचा दोर अजून सुटलेला नव्हता. कोणी हसलं नाही. मी मान खाली घालून गाठ सोडत बसलो, आणि ती लवकर सुटू नये असंच वाटत होतं.