थंड इंजिनाचा आवाज

मंडळी, शेतासाठी जुना ट्रॅक्टर बघायला आज काकांसोबत मलकपेठहून एका गावी गेलो होतो. काकांचा हट्ट, इंजिन थंड असतानाच चालू करून ऐकायचं. आधीच गरम करून ठेवलेलं इंजिन खोड लपवतं.

हात लावला, थंडगार. मालकाच्या मुलाने चावी फिरवली. पहिल्या झटक्यात सुरू!

तेवढ्यात घरातून त्याची आई पाण्याचा तांब्या घेऊन लगबगीने बाहेर आली. सीटवर मुलाला बघून जागीच थिजली.

"बाबा गेल्यापासून आजच चालू केला," असं पुटपुटत त्याने इंजिन बंद केलं.

काका म्हणतात, "आवाज खणखणीत आहे. सोचू नको, घेऊन टाक."

घेतला, तर त्या माउलीला तो आवाज पुन्हा कधीच ऐकू येणार नाही. हे बरं की वाईट, तुम्हीच सांगा.