पोलिश आई, आमची आय

निघायच्या दिवशी आय माझ्याशी भांडली. वसईच्या घराबाहेर टॅक्सी उभी, आणि ही सुक्या बोंबलांचं पुडकं घेऊन दारात. एअरपोर्टवर फेकून देतील म्हटलं, तर म्हणाली, "मग तिकडे जाऊन गवत खा!" आणि आत निघून गेली. टॅक्सी हलली तरी बाहेर आली नाही.

मुंबईत मी मालिका लिहायचे. सिडनीत ते कुणी जमेस धरलं नाही. हॅरिस पार्कच्या शेअरिंगच्या फ्लॅटमध्ये राहून कॉल सेंटरच्या शिफ्ट केल्या, मग कितीतरी वर्षांनी एका टीव्ही सिरीजच्या रायटर्स रूममध्ये जागा मिळाली. सिरीजच्या मुळाशी एक जुनी पोलिश कादंबरी होती. मुलगी गाव सोडते, आई मागे राहते. चॅनेलला ती आजच्या ऑस्ट्रेलियात हवी होती आणि कुटुंब इंडियन. म्हणून मी.

कादंबरीतल्या आईला रडता येत नाही. ती बटाट्यांवरून भांडते, गाईवरून भांडते. वाचताना मला पोलंड दिसलंच नाही. निरोपाचा एपिसोड माझ्याकडे आला, तेव्हा मी आयला जशीच्या तशी उभी केली, बोंबलांसकट.

आमची हेड रायटर मेगन म्हणाली, "लव्ह इट, मेट. पण मम इतकी मीन का? तिला रडू दे ना."

मी म्हटलं, "मूळ पुस्तकातही ती रडत नाही."

"पोलिश मम चालते गं. इंडियन मम वॉर्म हवी."

शूटिंगमध्ये आई हिंदीत ढसाढसा रडली. लेकीने वाकून नमस्कार केला, आरतीचं ताट आलं. आमच्या घरात क्रूस आहे, हे सांगायचंही मी सोडून दिलं. एपिसोडच्या शेवटी माझं नाव आलं, पण लेखकांत नाही, 'कल्चरल कन्सल्टंट' म्हणून.

आयने शेजारणींना बोलावून तो एपिसोड बघितला. नंतर फोनवर म्हणाली, "सगळ्या म्हणाल्या, लेकीने आईला किती छान दाखवलंय."

"आणि तू काय म्हणालीस?"

"हो म्हटलं. काय सांगणार त्यांना, बाय?"

दुसऱ्या सीझनलाही मी हो म्हटलंय. भाडं भरायचंय.

हल्ली आय फोनवर फार गोड बोलते. तिकडची हवा कशी आहे, कामाचा त्रास नाही ना, सुट्टी मिळाली तर ये, तुझी खोली पुसून ठेवते. लांबच्या पाहुण्याला विचारावं, तसं. मीही छान आहे म्हणते, आणि थँक यू म्हणून फोन ठेवते.